सुनेच्या पेटीत सापडलेलं पाकीट

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून छेचाळीस वर्षांच्या बाईंचं पत्र आलं आहे. मुलाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. मुलगा जिनिंगवर कामाला जातो. सून एकवीस वर्षांची, बारावी झालेली, पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा म्हणते. महालक्ष्म्यांच्या आधी घर आवरताना सुनेच्या पेटीत साड्यांच्या घडीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. वरच्या गोळ्या पांढऱ्या, शेवटची ओळ तपकिरी, निम्म्या संपलेल्या. बाईंनी पाकीट होतं तिथे परत ठेवलं, पण तेव्हापासून झोप उडाली आहे. त्यांना वाटतं की सुनेने घराला फसवलं. पहिलं लेकरू व्हायच्या आधी गोळ्या खाल्ल्या की पिशवी सुकते, शेजारच्या एकीचं तसंच झालं. मुलाला यातलं काही ठाऊक नसणार. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन बावीसाव्या वर्षी, तिसऱ्या बाळंतपणानंतर शिबिरात झालं. त्या लिहितात, "आमच्या वेळी असं काही नव्हतं. लेकरं झाली, ऑपरेशन केलं, मोकळी झाली." आता त्या विचारतात, मुलाला सांगू, व्याह्यांना फोन करू, की पाकीट चुलीत घालू?

उत्तर :

ताई, चुलीत घालायचं मनात येऊनही तुम्ही पाकीट साडीखाली परत ठेवलंत आणि आधी पत्र लिहिलंत. फार बरं केलंत. आता जरा सावकाश बोलू.

तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच, निम्मं संपलेलं पाकीट. फसवणूक, मुलाला अंधारात ठेवणं, लेकरू नकोच असणं, हे सगळं तुम्ही रात्री जागून त्याला जोडलंत. वर्णनावरून ते माला-एन किंवा तसलंच पाकीट दिसतं. त्यात एकवीस पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या असतात आणि सात तपकिरी लोहाच्या. या गोळ्या पाळणा लांबवायला देतात, तशा पाळी वेडीवाकडी येत असेल, फार अंगावरून जात असेल, तरी डॉक्टर देतात. तिला पाळीचा काही त्रास आहे का, हे तुम्हाला माहीत आहे? पत्रात तरी त्याबद्दल ओळ नाही.

आणि महालक्ष्म्यांचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते. सण तोंडावर आला की मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किती खपतात, ते दुकानदाराला विचारा. पुष्कळदा सासूच मुलाला पिटाळते, "जाय, तिच्यासाठी गोळ्या आन." त्या गोळ्याही हार्मोनच्याच. त्यांनी कुणाची पिशवी सुकली असं मी गावात कधी ऐकलं नाही. देवीसाठी खाल्ली तर सोसते आणि सुनेने स्वतःसाठी खाल्ली तर सुकते, हे पिशवी कसं ओळखते कोण जाणे. (हा टोमणा तुम्हाला एकटीला नाही, आपल्या सगळ्यांनाच आहे.)

तरी समजू की गोळ्या दिवस राहू नयेत म्हणूनच आहेत. शक्यता तीच जास्त. त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे, तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. पोटात लेकरू असताना ते होत नाही, आणि कडेवर सहा महिन्यांचं असतानाही होत नाही. तिने फॉर्मचं तुमच्यासमोर बोलून दाखवलं, म्हणजे पुढचं काही वर्षांचं गणित तिने तुम्हाला सांगितलंच होतं. गोळ्या त्या गणिताचाच भाग आहेत.

"लपवलं" म्हणता. ती सांगणार कुणाला होती? आपल्याकडे पाळीचं कापडसुद्धा बाई दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालते, ते काही फसवायला नव्हे. सुनेने सासूला "मी गोळ्या घेऊन राहिली" असं सांगावं, अशी घरं आपल्या भागात किती आहेत? तुमचं असतं तर तिने सांगितलं असतं का, हे तुम्हालाच जास्त कळेल. आणि मुलाला ठाऊक नाही हे कशावरून? रोज रात्री एक, महिनाभर घ्यायची गोळी, तीही एका खोलीत राहून, नवऱ्याला कळू न देणं सोपं नाही. कदाचित पाकीट त्यानेच आणलं असेल. तुम्ही जाऊन "तुझी बायको गोळ्या खाते" म्हणालात आणि तो म्हणाला, "हो आई, मीच आणल्या," तर? त्यानंतर त्या घरात तुमच्यासमोर कुणी काही बोलायचं नाही.

त्याला खरंच माहीत नसेल, तरीही ते त्याला सांगायचं की नाही हे सून ठरवेल. गोळ्या, तांबी (पिशवीत बसवायची कॉपर-टी), इंजेक्शन यातल्या कशालाही नवऱ्याची सही लागत नाही. बाईच्या ऑपरेशनलासुद्धा सरकारी नियमाप्रमाणे तिची एकटीची संमती पुरते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी "नवऱ्याला घेऊन या" म्हणून बाईला परत पाठवतात, हा भाग वेगळा.

आता पिशवीचं, कारण झोप उडालीय ती त्याने.

माला-एनची गोळी महिन्याचं बीज बाहेर पडू देत नाही. ती रोज घेतली तरच चालते. एक विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. दोन-तीन विसरल्या तर पाकीट चालू ठेवून पुढचे सात दिवस निरोध वापरायचा, नाहीतर दिवस राहू शकतात. आता तुम्हीच विचार करा. दोन-तीन दिवस चुकले की जिचा भरवसा राहत नाही, ती गोळी पिशवी कायमची कशी सुकवेल? गोळ्या थांबवल्या की बहुतेकींची पाळी महिन्या-दोन महिन्यांत आपल्या चालीवर येते, काहींना तर पहिल्याच महिन्यात दिवस जातात. लेकरू झालेलं असो की नसो, यात फरक पडत नाही.

शेजारणीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तिने गोळ्या खाल्ल्या, आणि तिला दिवस राहिले नाहीत. पण एकीमुळे दुसरी झाली, हे कुणी पाहिलं? तिच्या नवऱ्याची तपासणी झाली होती का? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण सापडतं. बाईच्या बाजूने पाहिलं तर अंगावर काढलेल्या संसर्गाने नळ्या बंद होतात, पिशवीला टीबी होतो. हे तपासायला कुणी जात नाही, आणि गोळ्यांचं पाकीट मात्र सगळ्यांना दिसतं.

गोळ्यांचा त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. पहिले दोन-तीन महिने मळमळतं, डोकं दुखतं, अधूनमधून डाग लागतो. ज्यांचा बीपी वाढलेला आहे, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली होती, लिव्हरचा आजार आहे, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखं होऊन अर्धं डोकं दुखतं, त्यांनी या गोळ्या घेऊ नयेत. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही सहा महिने घेऊ नयेत. टीबीचं औषध चालू असेल तर गोळीचा जोर कमी पडतो. म्हणून सुनेची काळजी करायचीच असेल तर "सिस्टरने बीपी पाह्यला का?" ही करा. ही काळजी खरी आहे, आणि ती करणारं तिला सासरी सध्या कुणी नसेल.

"आमच्या वेळी असं काही नव्हतं" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. ताई, होतं. निरोध सरकारने १९६८ पासून आणला. तांबी आणि माला तुमच्या लग्नाच्या आधीपासून आरोग्य केंद्रात होत्या. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली आठवड्याची गोळी १९९१ पासून दुकानात मिळत होती. तीच आता उपकेंद्रात छाया नावाने फुकट मिळते. तुमच्या दारापर्यंत यातलं काही आलं नाही, आलं ते थेट शिबिर. तीन बाळंतपणं आणि ऑपरेशन, सगळं बावीस वर्षांच्या आत. तुम्ही "मोकळी झाली" लिहिलंत, पण मधे तुम्हाला कुणी विचारलं का, की बाई, दुसरं कधी पाहिजे? पहिल्या दोघांत किती महिन्यांचं अंतर होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही, तुम्हाला आठवत असेल.

हे तुमचं एकटीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषाचं ऑपरेशन झालेली घरं शंभरात एकही भरत नाहीत. आपल्या बायकांना काही माहीत नाही असं शहरातली माणसं म्हणतात, ते मला पटत नाही. ऑपरेशन प्रत्येकीला माहीत आहे. लग्न आणि ऑपरेशन यांच्या मधल्या वर्षांत काय करायचं, तेवढं कुणी सांगत नाही, आणि जे कानावर येतं ते भीतीच्या रूपात येतं. ती भीती विहिरीवर, निंदणात, वेचणीच्या ओळीत बाईकडून बाईकडे जाते. म्हणून सासूच्या तोंडून काय निघतं याला वजन आहे. आशाताईने दहा वेळा सांगितलेलं तुमच्या एका "पिशवी सुकते"ने पुसलं जातं.

या भीतीला अगदीच आधार नाही असंही नाही. तांबीचं घ्या. "तांबी वर चढते, काळजाला लागते" म्हणतात. पिशवीतून काळजापर्यंत वाटच नाही, ते सोडून द्या. पण तांबी बसवल्यावर कंबर दुखते, पांढरं जातं, ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आली. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना आतला काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झाली होती ती शंभरात आठ जणींची. म्हणजे दुखणं आधीच होतं, मुकाट्याने चाललेलं. अशा बाईला न तपासता तांबी बसवली तर दुखणं वाढतं, आणि नाव तांबीचं होतं. म्हणून तांबी बसवायची तर आधी आतून तपासणी करून घ्या, पांढरं जात असेल तर औषध पुरं करा, मगच बसवा. नीट बसलेली तांबी प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षं चालते, आणि काढली की दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत दवाखान्यातच बसवून घेता येते, पण बाळंतिणीला आधी विचारून. वेदनेत असताना सांगून टाकणं म्हणजे विचारणं नव्हे. रक्त कमी असलेल्या बाईने मात्र विचार करून घ्यावी, तांबीने पहिले काही महिने पाळी जास्त जाते.

तुमच्यासारख्या दुसऱ्या घरांतून विचारणा येते म्हणून बाकीचंही सांगते. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे. दंडावर घ्यायचं आणि कार्ड सांभाळायचं. घरात पाकीट ठेवायला जागा नाही, अशा बाईला ते सोयीचं. त्याने पाळी वेडीवाकडी होते, पुढे पुष्कळदा येतच नाही, आणि लगेच "रक्त पोटात साचून राह्यलं" सुरू होतं. साचत काही नाही. पिशवीत दर महिन्याला जो थर धरतो तो धरतच नाही, तर बाहेर येणार काय? पण एक गोष्ट इंजेक्शन घेण्याआधी माहीत पाहिजे. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात लेकरू पाहिजे असेल तर अंतरा नको.

छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. तिच्यात माला-एनसारखी हार्मोन नाहीत, पाजणाऱ्या आईलाही चालते. वार ठरवून घ्यावे, बाजाराचा दिवस धरला तर विसरत नाही. एखाद्या वेळी काहीच वापरलं नसेल तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी आशाताईकडे असते. जितकी लवकर तितकी चांगली, पण ती अडीनडीची आहे, दर वेळची नाही. आणि दिवस राहिलेच, नको असतील, तर मेडिकलवरून कुणाच्या सांगण्याने गोळ्या आणून घरात पाडायचं, हे मात्र करू नका. रक्त जाऊन बाया मरतात. कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, साधन फसलं हेही कारण चालतं, आणि बाई अठरा वर्षांवरची असेल तर फक्त तिची संमती लागते.

पुरुषाच्या ऑपरेशनबद्दल थोडक्यात. टाका नाही, काही मिनिटांचं काम, दोन दिवस आराम, आठवडाभर जड काम नको. त्याने अंगातली ताकद जात नाही, वखर धरता येतो, बाकीचंही सगळं राहतं. पहिले तीन महिने निरोध वापरून मग एकदा तपासणी करायची, तोवर पक्कं धरायचं नाही. बायकोचं ऑपरेशन थंडीत करायचं की उन्हाळ्यात, यावर चर्चा करणाऱ्या घरांत हे नावही निघत नाही.

आशाताईबद्दल एक अडचण मला माहीत आहे. ती गावचीच असते, कधी भावकीतली असते, आणि तिच्या पिशवीतून काय बाहेर निघालं हे चार घरांना दिसतं. ज्यांना ते नको त्यांनी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. सगळं तिथेही फुकटच मिळतं.

आता तुम्ही काय करायचं ते. मुलाला सांगणं नको, ते का ते वर आलंच आहे. गप्प बसणं हा एक मार्ग आहे आणि तो वाईट नाही. पण तुमचा स्वभाव पत्रावरून दिसतो, तुमच्याने ते व्हायचं नाही. आठ दिवसांत एखाद्या भांड्याच्या आवाजातून सगळं बाहेर येईल. त्यापेक्षा बोला. वावरात दोघीच असाल तेव्हा, किंवा दुपारी तूर निवडताना. समोरासमोर बसून चौकशी केल्यासारखं नको. आणि पाकिटापासून सुरुवात नको, तुमच्यापासून करा. बावीसाव्या वर्षी शिबिरात काय झालं, ते तिला कधी सांगितलंय का? मग म्हणा, "पोरी, पेटी आवरताना तुयं पाकीट दिसलं. मी कोणाले सांगितलं नाही. तुले मळमळ-बिळमळ होते का?" एवढं बोलून थांबा. ती रडेल, नाही म्हणेल, विषय बदलेल. बदलू द्या. "मग लेकरू कधी?" हा प्रश्न त्या दिवशी तरी तोंडातून काढू नका.

कदाचित वेगळंच निघेल. तिला लेकरू पाहिजे आणि मुलगाच नको म्हणतो, असंही असू शकतं. तसं निघालं तर मुलाशी बोलायचा तुमचा हक्क आहे, तोही तिला विचारून.

आणि नातवासाठी तुम्हाला आत्तापासून काही करायचंच असेल, तर एक काम आहे जे विदर्भातल्या प्रत्येक घराने लग्नाच्या आधी करायला पाहिजे आणि बहुतेक घरं करत नाहीत. मुलाची आणि सुनेची सिकलसेलची तपासणी करून घ्या. आईबापाकडून लेकरात उतरणारा हा रक्ताचा आजार आपल्या भागात पुष्कळ आहे. दोघंही वाहक असले, म्हणजे अहवालात दोघांचंही एएस आलं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की लेकराला पूर्ण आजार होईल. वाहक माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर पहिली तपासणी होते, पक्की चाचणी वरच्या दवाखान्यात. सुनेलाच आजार निघाला, म्हणजे एसएस आलं, तर माला-एन चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. त्याच फेरीत तिचं हिमोग्लोबिनही पाहून घ्या. ती धावायची तयारी करते आहे, रक्त कमी असेल तर भरतीतही दम लागेल आणि पुढे बाळंतपणातही. लेकरू हवं असं दोघं ठरवतील तेव्हा फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायची, हे तिच्या कानावर घालून ठेवा.

गावातल्या बाया "गोड बातमी काही?" विचारतात, त्याने तुम्ही हैराण आहात, हेही कळलं. त्यांना सांगा, "आमची पोरगी भरतीची तयारी करून राहिली." दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा त्या भरतीचं विचारतील.

व्याह्यांना गोळ्यांसाठी फोन करू नका. त्यांच्याकडे सिकलसेलचं कुणी आहे का, हे विचारायला करा, आणि तो फोन सुनेलाच लावू द्या.